‘हे शिकवलंच नव्हतं’ म्हणणाऱ्या मुलांसाठी: अनोळखी गणिताला हात घालायला कसं शिकवावं

दहावीच्या बोर्डाला गणिताचे दोन पेपर असतात, भाग १ आणि भाग २, प्रत्येकी ४० गुणांचे. दोन्हींत शेवटचा पाचवा प्रश्न ३ गुणांचा. तो सरावसंचातून जसाच्या तसा उचललेला नसतो. आकृती वेगळी असते, नाहीतर प्रश्न उलट्या बाजूने विचारलेला असतो. त्यासाठी लागणारं ज्ञान मात्र पुस्तकातलंच असतं. तरीही वर्षभर वह्याच्या वह्या भरलेली कितीतरी मुलं तिथे थांबतात आणि बाहेर येऊन सांगतात, ‘बाई, हे शिकवलंच नव्हतं.’

या मुलांना प्रमेयं येतात, सूत्रं पाठ असतात, आकडेमोडही चांगली असते. रीत आठवत नाही त्या क्षणी हात कुठे घालायचा, एवढंच त्यांना ठाऊक नसतं. ते शिकवता येतं, पण धीराचे चार शब्द बोलून नाही. ‘घाबरू नकोस, येईल तुला’ असं म्हटलं आणि गणित आलं नाही, तर मूल आणखी खचतं. मुलाला बळ येतं ते दोन गोष्टींनी: अडल्यावर करून बघण्यासारखं काहीतरी त्याच्या हाताशी असलं, आणि केलेलं बरोबर की चूक हे त्याचं त्याला ठरवता आलं, तर. पुढे जे लिहिलं आहे ते सगळं या दोन गोष्टींसाठी. सहावी ते दहावीला शिकवणारे शिक्षक आणि घरी अभ्यास घेणारे पालक मी डोळ्यांसमोर ठेवले आहेत.

आधी एक सवय मोडायची: ‘गुणायचं की भागायचं?’

१९८० च्या सुमारास फ्रान्समधल्या ग्रेनोबल इथे गणित-शिक्षणाच्या अभ्यासकांनी प्राथमिक शाळेतल्या ९७ मुलांना एक प्रश्न घातला: बोटीवर २६ मेंढ्या आणि १० शेळ्या आहेत, तर कप्तानाचं वय किती? ७६ मुलांनी त्या संख्यांची आकडेमोड करून वय काढून दिलं. ती मुलं बुद्धीने कमी नव्हती. शाळेत विचारलेल्या प्रत्येक उदाहरणाला उत्तर असतंच, आणि दिलेल्या सगळ्या संख्या वापरल्या की ते येतंच, हा नियम ती अनुभवाने शिकली होती.

आपल्याकडेही हा नियम रोज शिकवला जातो. ‘एकूण’ दिसलं की बेरीज, ‘उरले’ दिसलं की वजाबाकी, ‘प्रत्येकी’ दिसलं की भागाकार. तिसरीत यामुळे पटापट गुण मिळतात, आणि सातवीत हेच अंगाशी येतं. ‘रमाने ३ पेरू वाटले, तिच्याकडे ५ उरले, तर आधी किती होते?’ या प्रश्नात ‘उरले’ आहे आणि करायची आहे बेरीज. शब्द पकडणारं मूल इथे २ असं उत्तर देऊन मोकळं होतं. शब्दांवरून क्रिया ओळखण्याचे तक्ते वर्गाच्या भिंतीवर असतील तर ते काढून टाकावेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

सुरुवात अशी करा. तीन शाब्दिक उदाहरणं एकत्र द्या. एकात माहिती पुरेशी, एकात नको ती जास्तीची माहिती, आणि एकात माहिती अपुरी. मुलांनी उत्तर काढायचं नाही, फक्त कुठलं कसं आहे ते ठरवायचं आणि कारण सांगायचं. दुसऱ्या दिवशी प्रसंग द्या, पण प्रश्न देऊ नका: ‘एका एसटीत ४४ आसनं आहेत. स्थानकावरून निघताना ३१ प्रवासी होते. पुढच्या थांब्यावर ९ उतरले आणि काही चढले.’ यावर प्रश्न मुलांनी तयार करायचे. ज्यांना ‘मला गणित येत नाही’ असं वाटतं, तीच मुलं इथे पहिल्यांदा बोलू लागतात, कारण चुकण्यासारखं काही नसतं. आठवडाभर रोज पाच मिनिटं हे केलं, तरी संख्यांवर झडप घालण्याची घाई बरीच कमी होते.

वाचन: पेन खाली ठेवून

प्रश्न वाचला की पहिली दोन मिनिटं कुणीही काही लिहायचं नाही. मग शेजाऱ्याला तो प्रश्न पुस्तकात न बघता आपल्या शब्दांत सांगायचा. जिथे सांगताना अडखळायला होतं, तिथे प्रश्न समजलेला नसतो, आणि ते मुलाला स्वतःलाच कळतं.

त्यानंतर ‘काय दिलंय, काय काढायचंय’ हे सगळे शिक्षक विचारतातच. मी त्यात एक भर घालते, आणि अनोळखी गणितात तिचाच सगळ्यात जास्त उपयोग होतो: अटीत बसणारं एक उदाहरण सांग आणि न बसणारं एक सांग. पुढच्या सबंध उदाहरणात याचा उपयोग दिसेल.

एक गणित शेवटपर्यंत

प्रश्न असा: लागोपाठच्या दोन किंवा अधिक नैसर्गिक संख्यांची बेरीज म्हणून कोणकोणत्या संख्या लिहिता येतात?

हा प्रश्न सातवीच्या मुलांना घालता येतो आणि दहावीच्या मुलांनाही. सूत्र लागत नाही, म्हणून सूत्र आठवलं नाही अशी सबबही राहत नाही. वर्गातलं बोलणं साधारण असं होतं:

‘बाई, म्हणजे नक्की करायचं काय?’

‘अशी लिहिता येईल अशी एक संख्या सांग बघू.’

‘...९? ४ अधिक ५.’

‘छान. आणि लिहिता न येणारी?’

‘२. कारण १ अधिक २ म्हणजेच ३ झाले. त्याहून छोटी बेरीज होणारच नाही.’

इथे थांबून त्या मुलीला सांगायला हवं की तिने नुसतं उदाहरण दिलेलं नाही, सिद्ध करून दाखवलं आहे. ‘कारण’ म्हणून जे वाक्य आलं ते पूर्ण आणि बिनतोड आहे. मुलांना वाटतं सिद्धता म्हणजे भूमितीतला पक्ष, साध्य आणि उजवीकडची कारणांची रांग. आपण स्वतःच्या तोंडाने सिद्धता बोललो हे एकदा कळलं की पुढची भीती निम्मी होते.

मग १ ते १६ पर्यंतच्या संख्या फळ्यावर लिहून वर्गात वाटून द्यायच्या. विषम संख्या लगेच सुटतात: ७ म्हणजे ३ + ४, १५ म्हणजे ७ + ८. दोन आणि चार जमत नाहीत, म्हणून कुणीतरी जाहीर करतं, ‘सम संख्या येत नाहीत.’ शिक्षकाने ‘चूक’ म्हणायचं नाही आणि ‘बरोबर’ही नाही. फळ्याच्या कोपऱ्यात ‘अंदाज १’ असं लिहून ठेवायचं. थोड्या वेळाने मागच्या बाकावरून आवाज येतो, ‘६! १ अधिक २ अधिक ३!’ अंदाज पडला, आणि तो शिक्षकाने पाडला नाही, गणिताने पाडला. या फरकासाठी वीस मिनिटं खर्च झाली तरी मला ती सार्थकी लागलेली वाटतात.

यादी पूर्ण झाली की न येणाऱ्या संख्या उरतात १, २, ४, ८, १६. दुपटीचा अंदाज मुलं स्वतः बांधतात. ३२ साठी धडपडतात, तिथेही जमत नाही. आता खरा प्रश्न: का?

इथे बहुतेक गट अडतात, आणि शिक्षकाला बोलण्याचा मोह होतो. बोलू नका. जमलेल्या बेरजांकडे नुसतं बघायला सांगा. १२ = ३ + ४ + ५. तीन संख्या आहेत, मधली ४, बेरीज ३ × ४. १० = १ + २ + ३ + ४. चार संख्या आहेत, मधली नाहीच. मग पहिली आणि शेवटची मिळून ५, आतल्या दोन मिळूनही ५, म्हणजे २ × ५. हे कुणाच्या तरी नजरेला येतंच. मग वाट सरळ होते. संख्यांची मोजदाद विषम असेल तर बेरीज म्हणजे मोजदाद गुणिले मधली संख्या, म्हणजे बेरजेला एक विषम विभाजक मिळाला. मोजदाद सम असेल तर पहिली आणि शेवटची यांच्यातला फरक विषम असतो, म्हणून त्यांची बेरीज विषम. अशा समान बेरजेच्या जोड्या लागतात, म्हणजे पुन्हा विषम विभाजक मिळाला. दोन्ही वेळा तो १ पेक्षा मोठा असतो. आणि २, ४, ८, १६, ३२ यांना १ सोडून विषम विभाजक असतच नाही. म्हणून त्या कधीच येणार नाहीत.

उलट बाजूही सुंदर आहे. १४ ला ७ हा विषम विभाजक आहे, १४ = ७ × २. मग २ मध्यभागी ठेवून सात संख्या मांडा: −१, ०, १, २, ३, ४, ५. बेरीज १४, पण ऋण संख्या तर चालत नाही. −१ आणि १ एकमेकांना खाऊन टाकतात, शून्य गळतं, उरतात २ + ३ + ४ + ५. हे पहिल्यांदा बघणाऱ्या मुलांच्या चेहऱ्यावरचा आनंद शिक्षकाने जरूर बघावा.

सगळे वर्ग इथपर्यंत एका तासात पोचत नाहीत, काही दोन तासांतही नाहीत. प्रश्न अर्धा राहिला तर तो फळ्याच्या कोपऱ्यात आठवडाभर राहू द्या. मधल्या सुट्टीत कुणीतरी येऊन त्यावर काहीतरी खरडून जातं. ते पुसू नका.

हात घालायच्या जागा

वरच्या गणितात मुलांनी जे केलं त्याला नावं द्यायला हवीत, म्हणजे पुढच्या वेळी ते आठवतं. नावं मुलांच्याच भाषेतली असावीत. माझ्या वर्गात ती भिंतीवर लावलेली असतात.

‘लहान करून बघ’ ही पहिली आणि सगळ्यात उपयोगी. बुद्धिबळाच्या पटावर एकूण चौरस किती, असं विचारलं की मुलं ६४ म्हणतात, मग मोठे चौरस दिसले की गोंधळतात. २ × २ चा पट घ्या: ५. ३ × ३ चा: १४. ४ × ४ चा: ३०. आता ५ वरून १४ वर जाताना ९ वाढले, १४ वरून ३० वर जाताना १६. एवढं दिसलं की ८ × ८ च्या पटावरचे २०४ चौरस मूल स्वतः काढतं.

‘धरून चाल’ ही आपल्या मातीतली युक्ती आहे. भास्कराचार्यांच्या इ.स. ११५० च्या ‘लीलावती’त तिला इष्टकर्म म्हटलं आहे. तिथलं एक उदाहरण कमळांचं आहे: राशीचा तिसरा, पाचवा आणि सहावा हिस्सा अनुक्रमे शंकर, विष्णू आणि सूर्य यांना वाहिला, चौथा हिस्सा देवीला, आणि उरलेली ६ कमळं गुरूंच्या पायी. तर एकूण किती? क्ष न मानता ६० धरा. २०, १२, १० आणि १५ मिळून ५७ गेली, ३ उरली. उरायला हवी होती ६, म्हणजे दुप्पट. उत्तर १२०. बीजगणिताची धास्ती असलेल्या मुलांना मी आधी हेच दाखवते, कारण धरलेली संख्या चुकली तरी तीच उत्तरापर्यंत नेते.

हीच युक्ती अपुऱ्या वाटणाऱ्या प्रश्नांनाही उघडते. ‘गाडी जाताना ताशी ४० आणि येताना त्याच रस्त्याने ताशी ६० किलोमीटर वेगाने आली, सरासरी वेग किती?’ निम्मा वर्ग ५० म्हणतो, उरलेला म्हणतो अंतर दिलेलंच नाही. मग धरा १२० किलोमीटर. जायला ३ तास, यायला २. एकूण २४० किलोमीटर, ५ तास, सरासरी ४८. आता दुसऱ्या गटाला २४० धरायला सांगा, तिसऱ्याला ६०. सगळ्यांचं ४८ च येतं. ‘असं का?’ हा प्रश्न मुलंच विचारतात, आणि त्या वेळी अंतराला क्ष म्हणण्याची गरज त्यांना खरोखर पटलेली असते.

‘शेवटून ये.’ ५ लिटरचं आणि ३ लिटरचं भांडं आहे, खुणा नाहीत, बरोबर ४ लिटर पाणी हवं. पुढून सुरुवात केली तर मुलं ओतत बसतात. शेवटून विचारा: ५ च्या भांड्यात ४ कधी उरतील? भरलेल्यातून १ काढता आलं तर. १ च कधी मावेल? ३ च्या भांड्यात आधीच २ असतील तर. आणि २ कुठून येतील? ५ मधून ३ काढून. झालं.

भूमितीत याच युक्तीचं रूप असं: ‘जे हवंय ते मला कशावरून मिळालं असतं?’ पाच टोकांच्या चांदणीच्या टोकांच्या कोनांची बेरीज काढायची आहे. उत्तर एका त्रिकोणातून मिळालं तर बरं, कारण १८० तिथे आयतं मिळतं. मग पाचही कोन एकाच त्रिकोणात कसे आणायचे? एका टोकाचा छोटा त्रिकोण घ्या. त्याचे उरलेले दोन कोन चांदणीतल्या दुसऱ्या मोठ्या त्रिकोणांचे बाह्यकोन आहेत, आणि प्रत्येक बाह्यकोन म्हणजे समोरच्या दोन टोकांच्या कोनांची बेरीज. पाचही टोकं त्या छोट्या त्रिकोणात जमा झाली: १८० अंश. बाह्यकोनाचं प्रमेय मुलांना पाठ असतं. ते इथे वापरायचं हे सुचण्यासाठी शेवटून यावं लागतं.

आकृती काढणं, तक्ता करणं, अक्षर मानणं याबद्दल पुस्तकांत पुरेसं असतं, ते इथे लांबवत नाही.

अंदाज लबाड असतो, हेही दाखवायला हवं

लहान संख्या घेऊन आकृतिबंध शोधायला शिकलेली मुलं लवकरच त्यावर डोळे मिटून विसंबू लागतात. त्यासाठी एक गणित राखून ठेवा. वर्तुळावर बिंदू घ्या आणि प्रत्येक बिंदू प्रत्येकाला जोडा. वर्तुळाचे जास्तीत जास्त किती भाग होतात? १ बिंदू असेल तर १, २ बिंदूंना २, मग ४, ८, १६. सगळा वर्ग ६ बिंदूंसाठी ३२ म्हणतो. काढून मोजायला लावा. तीन रेषा एकाच ठिकाणी छेदणार नाहीत असे बिंदू घेतले तर भाग होतात ३१. मुलं तीन-तीनदा मोजतात, कागद फिरवतात, पण ३२ काही होत नाहीत.

यानंतर ‘पाच वेळा जमलं म्हणून नेहमीच जमेल का?’ असं मुलं एकमेकांना विचारू लागतात. मात्र हे गणित पहिल्या महिन्यात देऊ नका. अंदाज बांधायचा धीर नुकता येत असतो, तेव्हाच तो मोडू नये.

ताळा: उत्तराचा न्याय मुलानेच करायचा

‘बाई, बरोबर आहे का?’ हा प्रश्न वर्गात दिवसातून शेकडो वेळा येतो, आणि आपण प्रेमाने उत्तर देतो. खरी अडचण तिथेच आहे. परीक्षेत बाई शेजारी नसतात. ज्या मुलाचं बरोबर-चूक दुसऱ्याच्या हातात असतं, ते अनोळखी गणितात पहिल्याच पायरीवर थांबतं, कारण ‘चालू ठेव’ म्हणायला कुणी नसतं.

म्हणून उत्तर द्यायचं नाही, विचारायचं, ‘तुला कसं कळेल?’ सुरुवातीला मुलं चिडतात. आठ-पंधरा दिवसांत ताळा घ्यायच्या त्यांच्या स्वतःच्या पद्धती तयार होतात. उत्तर मूळ प्रश्नात घालून बघायचं. आधीच अंदाज बांधायचा: गाडीच्या उदाहरणात हळू वेगाने जास्त वेळ गेला, म्हणजे सरासरी ५० पेक्षा कमीच यायला हवी. टोकाची संख्या घ्यायची: येतानाचा वेग जातानाइतकाच, ४०, असता तर माझ्या रीतीने ४० येतात का? दुसऱ्या वाटेने करून बघायचं. एकक तपासायचं, कारण चौरस सेंटीमीटरमध्ये लांबी आली तर आकडे पाहायचीही गरज नाही.

यातली टोकाची संख्या घेण्याची युक्ती शाळेत फारशी कुणी शिकवत नाही, आणि ती फार मोलाची आहे. नववीनंतर सूत्रं विसरली तरी या युक्तीने ती बरोबर आठवली की चूक, हे तपासता येतं.

मदत किती आणि केव्हा

अडलेलं मूल समोर असताना गप्प बसणं शिक्षकाला आणि पालकाला सगळ्यात जड जातं. नुसतं गप्प बसणंही बरोबर नाही. दहा मिनिटं एकाच जागी घुटमळणाऱ्या मुलाला काही मिळत नाही, त्याला फक्त आपण कमी आहोत असं वाटतं. मी मदत पायरीपायरीने देते आणि प्रत्येक पायरीनंतर तिथून निघून जाते.

आधी विचारायचं, ‘अडलं कुठे?’ ‘कळलं का?’ विचारू नका, त्याचं उत्तर मुलं नेहमी ‘हो’ देतात. ‘अडलं कुठे?’ला नेमकी जागा दाखवावी लागते, आणि पुष्कळदा जागा दाखवता दाखवताच गाठ सुटते. तेवढ्याने नाही झालं तर, ‘आतापर्यंत काय काय करून बघितलंस?’ मग भिंतीकडे बोट दाखवून, ‘यातलं कुठलं अजून केलं नाहीस?’ त्यानंतरही अडलं तर प्रश्न लहान करून द्या, पण तसाच, म्हणजे आठ ऐवजी तीन. सगळ्यात शेवटी एक पायरी करून दाखवा आणि पुढचं त्याच्यावर सोपवा.

टाळायचं ते एकच. ‘आता दोन्ही बाजूंना कितीने भागशील? हं, बरोबर, मग काय उरलं? हं.’ अशा छोट्या-छोट्या प्रश्नांनी मुलाला ओढत नेलं की उत्तर येतं आणि मूल खूशही होतं, पण विचार सगळा शिक्षकाचा असतो. मुलाचं पेन चाललं म्हणून मूल चाललं असं नाही.

वेळेबद्दल मुलांना एक गोष्ट आवर्जून सांगा. आंतरराष्ट्रीय गणित ऑलिंपियाड ही जगभरातल्या शाळकरी मुलांची सर्वांत कठीण स्पर्धा, १९९६ मध्ये ती मुंबईत झाली होती. तिथे दोन दिवस, रोज साडेचार तास, आणि रोज फक्त ३ प्रश्न. जगातली निवडक मुलं एकेका प्रश्नाला सरासरी दीड तास घेतात, आणि तरी बरेच प्रश्न सुटत नाहीत. एका गणितावर वीस मिनिटं गेली म्हणून आपण मठ्ठ आहोत असं वाटणाऱ्या मुलाला हे माहीत असणं गरजेचं आहे. मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राकडे आपल्या देशातल्या ऑलिंपियाडचं काम आहे. ज्यांना गोडी लागेल त्यांनी तिथले जुने प्रश्न जरूर बघावेत, निवड व्हावी म्हणून नव्हे, चांगल्या प्रश्नांची चव कळावी म्हणून.

वर्गाची मांडणी, वही आणि गुण

आठवड्याला एक तास अनोळखी गणितांचा ठेवा. पोर्शन मागे पडेल ही भीती खरी आहे, मी ती हलकी लेखत नाही. म्हणून त्या तासाचं गणित चालू धड्याच्या जवळचं निवडा, म्हणजे उजळणीही होते. मसावि-लसावि चालू असेल तर विभाजकांचं, समांतर रेषा चालू असतील तर चांदणीचं.

तीन-तीनचे गट करा आणि गटाला एकच खडू किंवा एकच पेन द्या. ज्याच्या हातात खडू, त्याने दुसऱ्याचं म्हणणं लिहायचं, स्वतःचं नाही. यामुळे हुशार मुलगा एकटाच सोडवून मोकळा होत नाही, आणि गप्प मुलीचं म्हणणं फळ्यावर येतं.

या तासाची वही वेगळी. खोडरबर नाही. चुकलेल्यावर एक आडवी रेघ मारायची आणि शेजारी ‘का सोडलं’ ते एका ओळीत लिहायचं. महिन्याने ती पानं परत वाचायला लावा.

गुण द्यायचेच असतील तर उत्तराला निम्म्याहून कमी ठेवा. प्रश्न स्वतःच्या शब्दांत मांडला, लहान उदाहरणं केली, अंदाज लिहिला, ताळा घेतला, या प्रत्येकाला गुण द्या. दहावीच्या मुलांना हेही सांगा की बोर्डात पायऱ्यांना गुण असतात. पाचव्या प्रश्नात आकृती काढून दिलेली माहिती मांडली, पहिलं विधान कारणासह लिहिलं, तरी कोऱ्या जागेपेक्षा ते कितीतरी बरं, आणि अनेकदा तेवढं लिहिताना पुढची पायरी दिसते.

घरी

पालकांना गणित येत नसेल तर ते इथे मोठं बलस्थान आहे, कारण त्यांना रीत सांगण्याचा मोह होत नाही. आईने म्हणावं, ‘मला समजेल असं सांग बघू, प्रश्न काय आहे?’ मग, ‘आकडे छोटे असते तर काय केलं असतंस?’ आणि शेवटी, ‘हे बरोबर आलंय हे मला कसं पटवशील?’ एवढं पुरतं. मुलांसमोर ‘मलाही गणित कधी जमलं नाही’ असं मात्र म्हणू नये. मुलं ते घराण्याचं गणित समजून बसतात.

सुरुवातीसाठी

पहिल्या महिन्यात लागोपाठच्या संख्या आणि चौरसांचा पट पुरे. दुसऱ्यात कमळं, गाडी, भांडी. वर्तुळाचे ३१ भाग तिसऱ्या महिन्यात. चांदणी, त्रिकोणाचं बाह्यकोनाचं प्रमेय झाल्यावर केव्हाही.

आणि एखाद्या रिकाम्या तासासाठी द. रा. कापरेकरांचं देणं. देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या या गुरुजींनी आकड्यांशी खेळता खेळता १९४९ मध्ये ६१७४ ही संख्या जगापुढे आणली. मुलांना आधी तीन अंकी संख्या घेऊ द्या, तिन्ही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लावून त्यातून चढत्या क्रमाने लावलेली संख्या वजा करायची, आणि येईल त्या उत्तराला पुन्हा तेच करायचं. ३५२ घेतली तर ५३२ − २३५ = २९७, मग ९७२ − २७९ = ६९३, मग ९६३ − ३६९ = ५९४, मग ९५४ − ४५९ = ४९५, आणि पुढे ४९५ च येत राहतं. दोन अंकी उत्तर आलं तर पुढे शून्य लिहून ते तीन अंकी करून घ्यायचं. सगळ्यांचं ४९५ च येतं हे कळल्यावर वर्गात गलका होतो. तो होऊ द्या, आणि मग विचारा की प्रत्येक वजाबाकीच्या मधोमध ९ च का येतो. नववीची मुलं शतक, दशक, एककाच्या जागी अक्षरं मानून बघतील, वजाबाकी ९९ ची पट निघते हे त्यांना सापडेल, आणि ९९ च्या अशा पटी नऊच असल्यामुळे सगळ्या शक्यता एका पानावर तपासून होतील. लहान वर्ग नुसत्या उदाहरणांवर थांबला तरी चालेल. ज्यांचं तीन अंकांचं कारण लिहून झालं, त्यांनी चार अंक घ्यावेत: चारही अंक सारखे नसतील तर जास्तीत जास्त ७ वजाबाक्यांत ६१७४ येतं. तिथे ९९ चं साधं कारण पुरत नाही. मुलांनी ‘मग इथे काय करायचं?’ असं विचारलं तर भिंतीवरच्या यादीकडे बोट दाखवा.